प्रति, मा. इंटरनेट अधिकारी साहेब

आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत तक्रार करायची तर समोर माणूस लागतो. वीज गेली की लाइनमन, सातबाऱ्यात नाव चुकलं की तलाठी, नळ कोरडा पडला की नगरपंचायतीचा मेंबर, आणि यातलं काहीच नसेल तर पानठेल्यावर उभा असलेला कुठल्याही पक्षाचा कार्यकर्ता. त्या माणसाचं नाव ठाऊक असतं, घर ठाऊक असतं, सासुरवाडीही ठाऊक असते. काम होवो न होवो, राग कुणावर काढायचा याची सोय असते. इंटरनेटनं ही सगळी सोय मोडली. नेट गेलं की नुसता संताप गावभर हिंडत राहतो आणि शेवटी सेवा केंद्रावर बसलेल्या त्या बिचाऱ्या पोरावर येऊन आदळतो.

हे केंद्र म्हणजे एक खोली, एक प्रिंटर, लॅमिनेशनचं यंत्र आणि अंगठा घ्यायचं एक चिमुकलं मशीन. कपाशीच्या दिवसांत इथली खरी गंमत या मशीनची. दिवसभर कापूस वेचून बायांची बोटं बोंडांच्या टोकांनी सोलवटलेली असतात. मशीन लाल दिवा लावून विचारात पडतं आणि मग सांगतं की ही बाई ती बाई नव्हे. पोरगा शांतपणे म्हणतो, "मावशी, बोट केसातून फिरवा." मावशी तेलकट केसातून बोट फिरवतात, पदराला पुसतात, पुन्हा ठेवतात. यंत्र मान्य करतं. तिची ओळख पटली, सरकारला ती सापडली, आता फक्त पुढचं पान उघडायचं बाकी. तेवढ्यात पडद्यावर ते गोल चाक सुरू होतं.

"काय झालं रे?"

"घुमून राह्यलं, मावशी."

"कधीलोक घुमते?"

याचं उत्तर पोराकडे नसतं. मग तो ते एक वाक्य उच्चारतो, जे बँकेपासून रेशन दुकानापर्यंत सगळीकडे चालतं: "लिंक नाई." रांगेतली माणसं उठत नाहीत. लिंक म्हणजे जणू सकाळची गाडी, उशिरा का होईना येणारच, अशा श्रद्धेनं बसून राहतात. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या दिवसांत तर साइट मोकळी असते म्हणून पहाटेचा गजर लावून उठणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. काकड आरतीला जी गर्दी जमली नाही ती ओटीपीसाठी जमली. त्यातही ओटीपी नवऱ्याच्या मोबाईलवर यायचा आणि नवरा मोबाईल घेऊन शेतात ओलिताला गेलेला.

तर अशाच एका सकाळी आबाजींनी अर्ज करायचं ठरवलं. आबाजी म्हणजे संत्र्याची बाग, थोडी कपाशी आणि आयुष्यभर अर्ज लिहिल्याचा दांडगा अनुभव. पीक पाहणीचा फोटो शेतात उभं राहून काढायचा, तिथे टावर नाही. टावर आहे तिथे शेत नाही. या पेचातून अर्जाचा जन्म झाला. त्यांनी केंद्रावरच कागद मागितला आणि सराईत हातानं लिहायला घेतलं: विषय, गावात नेट न येणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की. बघता बघता पान भरलं, खाली सही झाली, 'प्रतिलिपी माहितीस्तव' म्हणून तिघांची नावंही पडली. वर फक्त 'प्रति' या शब्दापुढची जागा कोरी राहिली.

"सर," आबाजी मला म्हणाले, "हे नेट कोणाच्या अंडर येते?"

मी मास्तरकीतून निवृत्त झालेला माणूस. कुणी प्रश्न विचारला की माझ्यातला खडू जागा होतो. मी म्हणालो, "आबाजी, आधी वाट पाहू, मग बिघाड कुणाच्या हद्दीत पडतो ते ठरवू." पोलिसांचंही असंच असतं. आधी हद्द, मग गुन्हा.

वाट सांगायला सोपी आहे. मोबाईलपासून टावरपर्यंत जे जातं ते हवेतून जातं. पुढचा बहुतेक प्रवास जमिनीखालच्या काचेच्या तंतूतून, उजेडाच्या रूपात, सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगानं. फोटो पाठवला तर तो अख्खा जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता असतो, आणि हे तुकडे सापडेल त्या वाटेनं जाऊन पलीकडे पुन्हा जोडले जातात. एखादा हरवला तर पलीकडचं यंत्र तो परत मागून घेतं. आष्टीहून आर्वीला धाडलेला शुभ सकाळचा गुलाब बहुधा मुंबईचं पाणी पिऊन आर्वीला पोहोचतो. परदेशी जायचं असेल तर वर्सोव्यासारख्या किनाऱ्यावर तार समुद्रात शिरते. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२३ च्या शिफारशींतल्या हिशेबाप्रमाणे अख्ख्या देशाला जगाशी जोडणाऱ्या समुद्री तारा होत्या १७ आणि त्या किनाऱ्याला लागायच्या जागा १४. एवढ्यावर एवढा मोठा देश रोज सकाळी गुलाब पाठवतो.

"मंग तुटते कुठी?" आबाजींचा मुद्दा सुटत नव्हता.

कुठेही तुटते. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रातल्या दोन तारा तुटल्या आणि भारताची परदेशी जोडणी जवळपास निम्म्यावर आली. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ तारा तुटल्या आणि इथलं नेट पुन्हा रेंगाळलं. जगभरात वर्षाला दीडशे ते दोनशे वेळा असं होतं, आणि बहुतेक वेळा कारण अगदी साधं असतं: मासेमारीची जाळी किंवा जहाजाचा फरफटलेला नांगर. पण सगळ्यांत मोठा मान मी जॉर्जिया देशातल्या एका पंचाहत्तर वर्षांच्या आजीला देतो. २०११ साली ती फावडं घेऊन तांब्याची भंगार तार शोधत होती. फावडं नेमकं काचेच्या तारेवर बसलं आणि शेजारच्या आर्मेनिया देशाचं बहुतांश इंटरनेट कित्येक तास बंद पडलं. आजीनं पत्रकारांना सांगितलं म्हणे की इंटरनेट काय असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे हे काम आजीला करावं लागत नाही, जेसीबी आहे. रस्त्याचं काम निघालं की तार तुटणार, नाली निघाली की तुटणार, दोन्ही निघाली नाहीत तर आधी तुटलेली जोडायला खणताना तुटणार.

यावर केंद्र सरकारनं मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलं. खणण्याआधी त्यात नोंद करायची, म्हणजे ज्याची तार तिथून जाते त्याला कळतं. कल्पना उत्तम आहे. मी ती रस्त्यावरच्या एका जेसीबीवाल्याला समजावली. त्यानं इंजिन बंद करून, तोंडातला ऐवज बाजूला टाकून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ॲप उघडाले नेट पाह्यजे ना?" नेट आदल्या दिवशीच तुटलेलं होतं.

हद्दीचा प्रश्न असा समुद्रापर्यंत गेला. आबाजी म्हणाले, तार कोणाचीही असो, साहेब कोण ते सांगा. टेलिकॉम कंपन्यांवर ट्राय आहे, १९९७ पासून आहे, पण ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार हाताळत नाही. ते कंपनीकडेच करा म्हणतात, आणि कंपनीचा फोन एक दाबा, दोन दाबा, नऊ दाबा करत पुन्हा एकवर आणून सोडतो. मग अजून वर काय? वर गेलं की मजा सुरू होते.

एकेकाळी वर खरोखर माणूस होता. इंटरनेटचं आधीचं रूप म्हणजे अमेरिकेतलं अर्पानेट. २९ ऑक्टोबर १९६९ ला त्यावरून पहिला संदेश गेला. 'लॉगिन' पाठवायचं होतं, पहिली दोन अक्षरं गेली आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं. म्हणजे लिंक पहिल्या दिवसापासूनच नव्हती, हे आमच्या पोराला कळलं तेव्हा त्याला फार बरं वाटलं. पुढे जाळ्यात नवा संगणक जोडायचा तर कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत फोन करायचा. एलिझाबेथ फाइनलर आणि त्यांचे सहकारी यादीत नाव चढवून घ्यायचे, तेही कचेरीच्या वेळेत. सगळ्या इंटरनेटची नोंदवही एका कार्यालयात, आणि संध्याकाळी कार्यालय बंद! आबाजींना ही पद्धत सर्वांत जास्त पटली. यादी वाढत गेली तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची आजची व्यवस्था बसवली, आणि तिच्या मुळाशी दाढीवाले जॉन पोस्टेल बसले. क्रमांक कुणाला द्यायचे, नावं कशी ठेवायची, सगळं त्यांच्या शब्दावर. जानेवारी १९९८ मध्ये त्यांनी बारापैकी आठ मूळ सर्व्हर सांभाळणाऱ्यांना ईमेल केला की आजपासून यादी सरकारनं नेमलेल्या कंपनीच्या यंत्रावरून नको, माझ्या यंत्रावरून घ्या. आठही जणांनी मुकाट्यानं घेतली. अमेरिकन सरकार खवळलं, तेव्हा 'चाचणी होती' म्हणून त्यांनी ते मागे घेतलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ते वारले.

त्यांच्या जागी कॅलिफोर्नियात आयकॅन नावाची ना-नफा संस्था आली, आणि १ ऑक्टोबर २०१६ ला अमेरिकन सरकारनं तिच्यावरचा आपला शेवटचा हातही काढून घेतला. आता या संस्थेत वर्षातून चारदा एक समारंभ होतो. नावांची यादी खरी आहे याची खूण करणारी गुप्त किल्ली तिजोरीत असते. ती वापरायला देशोदेशीचे विश्वासू लोक येतात, डोळ्यांची बुबुळं तपासतात, पायरीपायरीनं दारं उघडतात, आणि हा सोहळा कुणालाही पाहता यावा म्हणून थेट दाखवतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सगळी मंडळी जमली आणि तिजोरीचं कुलूपच उघडेना. समारंभ पुढे ढकलून कुलूपवाला बोलवावा लागला, त्यानं ड्रिलनं भोक पाडलं. जगाचं इंटरनेट, आणि शेवटी कुलूपवाल्याची वाट पाहत बसलं! आबाजी हे ऐकून खूश झाले. पहिल्यांदाच त्यांना ही माणसं आपल्यातली वाटली.

पण 'प्रति' पुढे आयकॅन लिहिता येईना. ते नावं सांभाळतात, आष्टीतली रेंज नव्हे. '.इन' आणि २०१४ पासून देवनागरीतलं '.भारत' सांभाळणारी निक्सी ही आपल्या देशातली संस्था, २००३ ची, पण आष्टीतली रेंज तिच्याही हद्दीत नाही. तुकडे कसे पाडायचे, पत्ता कसा लिहायचा हे नियम तिसरेच लोक करतात. त्यांच्या मंडळाचं नाव आयईटीएफ. तिथे सभासदत्व नाही, मतदान नाही. एखाद्या प्रस्तावावर सभेचा कल पाहायचा तर अध्यक्ष म्हणतात, पटलं असेल त्यांनी गुणगुणा. मंडळी तोंड मिटून हूं करतात. मग न पटलेल्यांनी हूं करायचं. आवाज कुठल्या बाजूला भरला ते कानानं ठरवून काम पुढे. आमच्या ग्रामसभा पाहिलेल्या माणसाला हे खोटं वाटेल. तोंड मिटून मत मांडता येतं, हेच मुळी आमच्याकडे कुणाला माहीत नाही.

"म्हंजे मालकच नाई?" आबाजींनी पेन खाली ठेवलं.

नाही. आणि तरी चालतं कसं, तर आपल्या भागात अनोळखी गावची वाट विचारावी तसं. "सामोर जा न भाऊ, फाट्यावर कोणालेही विचारा." फाट्यावरचा पुढच्या फाट्यावर धाडतो. अख्खी वाट कुणालाच ठाऊक नसते आणि माणूस पोहोचतो. इंटरनेटवरची वाट दाखवणारी यंत्रं हेच करतात. शेजाऱ्यानं सांगितलं की हा पत्ता माझ्याकडून जातो, तर विश्वास ठेवायचा. त्यातला धोकाही अगदी तोच. फेब्रुवारी २००८ मध्ये पाकिस्तानला आपल्या देशापुरतं यूट्यूब बंद करायचं होतं. तिथल्या टेलिकॉम कंपनीनं 'यूट्यूबची वाट माझ्याकडून जाते' असं घरच्या यंत्रांना सांगितलं, ते चुकून बाहेर गेलं, आणि जगभरची यंत्रं विश्वासानं तिकडे वळली. सुमारे दोन तास जगाला यूट्यूब दिसेना. ऑक्टोबर २०२१ मध्ये फेसबुकनं तर स्वतःचीच वाट पुसली. सहाएक तास फेसबुक, व्हॉट्सॲप गायब, आणि दुरुस्तीची हत्यारंही त्याच जाळ्यात अडकलेली. त्या रात्री आष्टीत काही घरांत माणसं एकमेकांशी बोलली असं ऐकतो, पण खात्रीलायक पुरावा नाही.

मालक नाही म्हणजे बटणही नाही, असं मात्र समजू नये. बटण आहे. ते सरकारच्या हातात आहे आणि ते दाबणं या देशाला चांगलं जमतं. शेजारच्या अमरावती शहरात नोव्हेंबर २०२१ च्या दंगलीनंतर इंटरनेट काही दिवस बंद होतं. २०१७ च्या नियमांनी असा आदेश काढायचा अधिकार राज्याच्या गृह सचिवांना दिला, आणि २०२० च्या दुरुस्तीनं एका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा घातली. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं अनुराधा भसीन खटल्यात बजावलं की आदेश लोकांसमोर ठेवा, बेमुदत बंदी चालणार नाही. नेट सुरू करायला कुणी साहेब सापडत नाही, बंद करायला मात्र सही करणारा ताबडतोब हजर. माझ्या मते इंटरनेटवर देखरेख कोण करतं याचं सर्वांत खरं उत्तर हेच आहे, पण ते अर्जाच्या 'प्रति' पुढे बसत नाही.

आणि या जाळ्याची मूळ कल्पनाच अशी होती की मधलं ठिकाण नसावं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल बॅरन नावाच्या अभियंत्यानं अमेरिकेत मांडलं की संदेशव्यवस्थेला एकच केंद्र असेल तर शत्रू तेवढंच उडवेल. म्हणून जाळं असं विणा की अर्ध्या गाठी तुटल्या तरी निरोप पोहोचावा. हे वाचताना मला अमेरिका आठवली नाही. १४ जुलै १९४२ ला ठराव आमच्या वर्ध्यात झाला, ८ ऑगस्टला मुंबईत तो 'छोडो भारत' झाला, आणि ९ ला पहाटे गांधीजींसह बडे पुढारी अटकेत गेले. केंद्र उडालं. तरी निरोप चालत राहिला, भजनांतून, बाजारांतून, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीमागून, कुणी कुणाला सांगितला याची नोंद न ठेवता. १६ ऑगस्टला, नागपंचमीला, आष्टीचे लोक पोलीस ठाण्यावर चालून गेले. गोळीबार झाला, गावची माणसं हुतात्मा झाली, पोलीसही मारले गेले. गावाच्या नावामागे शहीद लागलं ते तेव्हापासून. वर्ध्याचा ठराव मुंबईमार्गेच आष्टीला आला होता. त्या वेळी मात्र एकही तुकडा हरवला नाही, आणि चळवळीत तारा तोडणाऱ्यांची नावं पुढे स्मारकांवर कोरली गेली. आमच्या जेसीबीवाल्याला हा इतिहास मी मुद्दाम सांगितलेला नाही.

अर्जाचं शेवटी काय झालं? आबाजींनी 'प्रति, मा. इंटरनेट अधिकारी साहेब' असंच ठोकून दिलं आणि तो एका कार्यालयाच्या आवक टेबलावर नेऊन दिला. बाबूनं मायना न वाचता शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला, दुसऱ्या प्रतीवर पोच दिली. आबाजी ती पोच घडी करून आधार कार्डाच्या पाकिटात ठेवतात. सरकारदप्तरी आता हा अधिकारी अस्तित्वात आहे. काही दिवसांनी त्यांना पत्रही आलं: आपला अर्ज संबंधित अधिकाऱ्याकडे उचित कार्यवाहीस्तव पाठवण्यात आला आहे.

इकडे पोरगा नव्या बातम्या आणत असतो. नेट आता आकाशातून येणार. स्टारलिंकला जून २०२५ मध्ये देशात परवाना मिळाला आणि नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांच्याशी इरादापत्र केलं. बातमीत गडचिरोली, नंदुरबार, वाशीम, धाराशिव अशी नावं होती. आबाजींनी दोनदा वाचायला लावलं, वर्धा काही निघालं नाही. पण हिशेब त्यांना आवडला. ते उपग्रह साधारण ५५० किलोमीटर उंचीवरून फिरतात. म्हणजे आष्टीला मुंबईपेक्षा आकाश जवळ!

"तिथी जेसीबी नाई जात ना?"

"नाई जात."

"अन् मालक?"

मालक आहे, एकच आहे, नावानिशी आहे, अमेरिकेत आहे. जुलै २०२५ मध्ये त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाड झाला तेव्हा अडीचएक तास जगभरची सेवा एकदम बसली होती. मला वाटलं, मालक सापडला म्हणून आबाजी सुटकेचा श्वास टाकतील. ते म्हणाले, "मंग हा तं सावकारच झाला ना, सर!" आणि बराच वेळ गप्प बसले.

पोराला तेवढा वेळ नव्हता. त्याचा प्रश्न व्यावहारिक होता: आकाशातून आलेलं नेट धरायला गच्चीवर थाळी बसवावी लागते, ती कुणाच्या गच्चीवर बसवायची? समोरचा किराणावाला म्हणाला, माह्या गच्चीवर, भाडं काय ते बोला. वरच्या आळीचा म्हणाला, माही गच्ची त्याच्याहून उंच हाये. मग किराणावाल्यानं त्याच्या गच्चीच्या बांधकामाला परवानगीच नसल्याचं काढलं. दोघंही आता आपापले अर्ज घेऊन आबाजींकडे येतात, आणि 'प्रति' पुढे काय लिहायचं ते त्यांना आबाजी सांगतात.